घरचा काटा

ताई ओकत होती. तो एका हाताने तिच्या तोंडाखाली तसराळं धरून दुसऱ्या हाताने बिस्किट खात होता.

आपण खातोय हे त्याला चुरा तसराळ्यात पडला तेव्हा कळलं. पिवळ्या पाण्यावर चुरा तरंगला, मग फुगला. त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी तोंडातला घास त्याने गिळलाच.

"पुरे," ताई तोंड पुसत म्हणाली. "माझा पाव तसाच राहिलाय बघ. टाकवत नाही रे, ढब्बू. खाऊन टाक."

पावाचा एक कोपरा तिने चावून सोडला होता. तो ओला होता. त्याने तोही खाल्ला.

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. धंदा बाबांचा. बाबांनी दोन्ही मुलांच्या हातात हत्यारं दिली होती, पण हात बसला तो ताईचा. "शून्यावर खरं बोलतो तो काटा खरा नव्हे," बाबा म्हणायचे, "ओझ्याखाली खरं बोलेल तो खरा."

हेच बाबा काकांना किडनी द्यायला ऑपरेशनच्या खोलीत चालत गेले, ते परत आलेच नाहीत. ताई बाहेरच्या बाकावर त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. त्यानंतर ढब्बूला वाढवलं ते तिनेच.

आता ताईचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. भावाचा तुकडा चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसरं देणारं कुणी नव्हतं. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता.

"पण तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टरांनी बजावलं होतं. "वजन उतरवा आणि पुढच्या तपासणीला या. ताईंना फार थांबता येणार नाही."

ताई आधी ठाम नाही म्हणाली. रात्रभर जागी राहिली. सकाळी उठून म्हणाली, "बरं. वजन उतरव, मग बघू."

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जणू दुसराच कुणी राहायला आला. ताई कण्हली की याचा हात डब्यात. भंगारवाल्याचा काटा उघडून बसला असताना तेलकट बोटांनी तो गार बटाट्याचे काप खायचा. जॅमची बरणी बोट घालून पुसून काढायचा. एकदा त्याने निश्चयाने केक कचऱ्याच्या बादलीत टाकला. थोड्या वेळाने बादलीशी उकिडवा बसला, केकला चिकटलेला केसांचा गुंता सोडवला आणि केक खाल्ला.

बायको दारात उभी होती.

"अहो, शी! आत ताई ओकतायत आणि तुम्ही इथे चरताय?"

तो ओठ पुसत राहिला.

"देव भावाचा भुकेला असतो म्हणतात. इथे भाऊच भुकेला!"

"वजन उतरतंय माझं. काट्यावर बघ जा."

"काट्याचं राहू द्या. शर्टाची बटणं काही वेगळंच सांगतायत."

"आटला असेल धुण्यात."

"विजारीसुद्धा आटल्या? आणि गाल? ते कुणी धुतले?"

पण काटा खरंच खाली येत होता. ताईच्या खोलीबाहेर बाबांच्या वेळचा तबकडीचा काटा उभा होता. दर रविवारी तो आधी सुई शून्यावर आहे ना ते बघायचा, मग चढायचा. सुई मागच्या रविवारपेक्षा जराशी अलीकडे थांबायची. काळजीने झिजतोय मी, तो स्वतःला सांगायचा, आणि त्या समाधानात आणखी दोन घास जास्त जायचे.

"किती झालं रे?" ताई आतून विचारायची.

"उतरलं, ताई."

"गुणाचा माझा. ये, ही साय तेवढी संपव. मला वासही सोसत नाही."

बायको ताईचे हात धुताना एकदा म्हणाली, "वन्सं, दिवसभर पडून असता, मग नखांत हे काळं कुठून येतं?"

"औषधांनी होतं गं तसं," ताई म्हणाली आणि तिने हात पांघरुणात ओढून घेतले.

तपासणीच्या दिवशी तो दवाखान्यातल्या काट्यावर चढला आणि फुगलेला आकडा बघून हसला.

"तुमचा काटा बिघडलाय. पाच मिनिटांत नीट करून देतो."

नर्सने त्याला दुसऱ्या काट्यावर उभं केलं. त्यावरही तोच आकडा. मग पोटावर थंड जेल लावून सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

"वजन वाढलंय. चरबीही. मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"डॉक्टर, अजून थोडा वेळ..."

"तुमच्याकडे आहे वेळ. त्यांच्याकडे नाही."

दवाखान्याच्या पायरीवर त्याला उलटी झाली. सकाळचा पाव, लोणी, साय, सगळं बाहेर पडलं. त्या आंबट वासातही त्याचा हात खिशातलं बिस्किट चाचपत होता. आपल्या बहिणीला आपण खाऊन टाकलं, त्याच्या मनात आलं.

घरी आल्यावर तो थेट हत्यारांच्या पिशवीकडे गेला. पिशवीतून वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन काढलं आणि घरच्या काट्यावर ठेवलं.

सुई सतरावर थांबली.

वजन उचललं. सुई बरोबर शून्यावर आली. पुन्हा ठेवलं. सतरा.

त्याने मागचं झाकण उघडलं. आतल्या स्क्रूची खाच नव्याने घासून चकाकत होती. कुणीतरी तो पाव पाव फेरीने, शून्याला धक्का न लावता फिरवला होता. ही हातोटी बाबांना साधली होती. याला ती कधीच जमली नव्हती.

आतून ताईचा आवाज आला.

"आलास, ढब्बू? ताट झाकून ठेवलंय बघ. आधी पोटभर खाऊन घे."