सहा फुटांचा रॅम्प

अपघातानंतर इरावती व्हीलचेअरवरूनच मुलुंडच्या घरी परतली. बिल्डिंगच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या, मिळून दीड फूट उंचीच्या. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरली तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. ती स्वतः आर्किटेक्ट. नकाशा काढून तिनेच कमिटीला दिला. पण दोन गाड्यांची जागा जाते म्हणून सेक्रेटरी सुबोधकाकांनी रॅम्प सहा फुटांतच बसवला.

सिमेंट वाळेपर्यंत आठवडाभर ती खिडकीतून तो चढ बघत होती. तिला चैन पडत नव्हती.

रविवारी काका म्हणाले, "चल, चढून बघ."

तिने चाकांना जोर लावला. अर्ध्यावर दंड थरथरायला लागले आणि खुर्ची मागे घसरली. काकांनी पाठून धरून ती सरळ वर ढकलली.

"पोचलीस ना? वॉचमन असतो, आम्ही असतो. कोणीही ढकलेल गं."

इरावतीने धाप ओसरू दिली.

"काका, उचलणारे तर पायऱ्यांवरही होते. रॅम्प मी एकटीने चढायला मागितला होता."