पाच सेकंद दाबून धरा

ताईच्या स्वयंपाकघरात गाणी लावायला मी हौसेने एक पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर भिंतीवर बसवून दिला होता. त्याच्या चालू-बंद बटणाचा बोर्ड मी बनवून शेजारी भिंतीवरच वेगळा लावला होता. येता-जाता धक्का लागून बंद पडू नये म्हणून बटण सलग पाच सेकंद दाबून धरावं लागेल, अशी सोय मीच केली होती.

तरी महिन्याभरात भावोजींचा फोन आला. "सारखा बंद पडतो रे. तुझा बोर्ड भंगार आहे, काढून घेऊन जा."

मी गेलो. वायरी तपासल्या, सोल्डरिंग बघितलं, सगळं ठणठणीत. मग बोर्डाने स्वतः ठेवलेली नोंद उघडली. आठवड्यात नऊ वेळा बटण दाबलं गेलं होतं. काल तर सलग बावीस सेकंद.

"ताई, हे बटण एवढा वेळ कोण दाबून धरतं गं?"

ती ओट्याकडे वळली. ओढणी सरकली. पाठीवर मानेखाली, बरोब्बर बटणाच्या उंचीवर, बटणाएवढा गोल काळानिळा डाग होता.

भावोजी दारात आले. "सापडला का फॉल्ट?"

"सापडला. जरा इथे भिंतीला टेकून उभे राहता का? खात्री करून घेतो."

ते उभे राहिले. मी दोन्ही हातांनी त्यांचा गळा धरला, त्यांना बटणावर दाबलं आणि मोठ्याने मोजायला लागलो. पाच म्हटल्याबरोबर कॉम्प्युटर बंद झाला.



मी मोजत राहिलो.