वय अधिक एक
सत्तावीस वर्षं कोड लिहून केस पांढरे केलेल्या सरांवर नव्या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेची मुळाक्षरं गिरवायची वेळ आली होती. शिकवायला होती नुकतीच रुजू झालेली, त्यांच्या लेकीच्या वयाची पोरगी. सरावासाठी सरांनी नेहमीसारखं लेकीचं वय टाकलं: चोवीस. आज तिचा वाढदिवस, म्हणून खाली लिहिलं, वय बरोबर वय अधिक एक. पडद्यावर लाल ओळ उमटली. "सर, जुनी खोड!" पोरगी हसली. "इथे एकदा दिलेली किंमत बदलत नाही." "कधीच नाही?" "कधीच नाही." लेक जाऊन पाच वर्षं झाली, तरी जुन्या भाषेने कधी हटकलं नव्हतं. दरवर्षी निमूटपणे वयात एक मिळवू द्यायची. त्यांनी दोन्ही ओळी खोडून नवी लिहिली. "एकोणीस? मघाशी चोवीस होतं ना, सर?" "पाच वर्षं माझंच चुकत होतं, पोरी."