कडेवर

"इथं बारा महिने पोहता येतं, स्वेटरची भानगड नाही, आणि पोर सांभाळायला घरी राहणारी बाईही मिळते. परमुलखातून आलेल्याला आणखी काय हवं?" मी बहिणीला फोनवर तोऱ्यात सांगत होते. तेवढ्यात माझा लेक स्विमिंग पूलच्या काठावर धडपडला. मी हात पसरले. पठ्ठ्या मला वळसा घालून थेट बाईच्या कडेवर! माझा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी तिला चार शब्द सुनावायचेच, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तो अजून तिच्याच कडेवर होता आणि ती दूर देशी आजीकडे ठेवलेल्या आपल्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती.

"एक पापी दे की गं," ती विनवत होती.

मुलगी गाल फुगवून म्हणाली, "आधी त्याला खाली ठेव."