सव्वातीनचा आकडा

कारखान्याचे डॉक्टर, तुम्ही कागद न वाचताच सही ठोकता. माझ्या नवऱ्याच्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा तुम्हीच चोवीस तासांसाठी बांधलात, आणि तो तसाच कामावर गेला. दुसऱ्या दिवशी यंत्राचा कागद हातात घेऊन तुम्ही हसलात. "एकशे नव्वद! घोड्याएवढा झालास तरी मोबाईलवर गेम खेळतोस, मग दुसरं काय होणार?"

"साहेब, भट्टीपुढे सलग दोन पाळ्या..." तो चाचरत म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं! वहिनी, आधी याचा मोबाईल काढून घ्या."

खाली लिहिलंत, 'कारण व्हिडिओ गेम. दोन पाळ्यांसाठी तंदुरुस्त.' त्या एका ओळीवर तो परत भट्टीपुढे उभा आहे.

मी फार शिकलेली नाही, पण त्या कागदावरचे आकडे आणि त्यांच्यापुढच्या वेळा मला वाचता येतात. घरी गेम खेळताना बीपी एकशे अडतीसपर्यंत चढलं, खोटं कशाला बोलू? एकशे नव्वद मात्र दुपारी सव्वातीनचं आहे, ऐन पाळीतलं.



पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल तुमच्याच गेटवर जमा करून घेतात. मग सव्वातीनला तो कुठला गेम खेळत होता, सांगा ना!