नव्या माइकवरची अंगाई

दूरच्या नातीला अंगाई ऐकवायची म्हणून आजोबांनी खास नवा माइक आणला. पण माइक सुरू करून ते गायला लागले रे लागले, की कॉम्प्युटर गपकन बंद पडायचा.

"तुमचा सूर सोसवत नाही त्याला," आजी हसल्या. आजोबा इतके हिरमुसले, की त्यांनी गुणगुणणंही सोडलं. शेवटी आजींनीच कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाईंनी माइक काढला, कॉम्प्युटर सुरळीत चालला. लावून सुरू केला, पुन्हा बंद.

"काका, तुमचा गळा ठणठणीत आहे. माइकसोबत आलेलं सॉफ्टवेअर बिघडलेलं आहे." त्यांनी ते काढून नवीन घातलं. "गा आता."

"परत बंद पडला तर?"

"मी बसलेय ना!"

आजोबांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या मांडीवर नात भोकाड पसरून रडत होती. आजोबांनी डोळे मिटून सूर लावला. कॉम्प्युटर हूं की चूं न करता चालत राहिला. हळूहळू रडणं थांबलं.

अंगाई संपली, तशी पडद्यावर सून आली आणि कुजबुजली, "बाबा, ही टक्क जागी आहे. पण तुमचा मुलगा झोपला हो. किती दिवसांनी डोळा लागलाय त्याचा!"