सायफनचं प्रात्यक्षिक

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरातल्या एका शाळेची टाकी टँकरनं भरली, की सकाळपर्यंत निम्मी व्हायची. उतारावर शाळेच्या खाली इंग्रजीच्या मानसिंग मास्तरांचं घर, आणि त्याच्याही खाली हेडमास्तरांचं.

एके दिवशी तास तपासायला हेडमास्तर मागच्या बाकावर येऊन बसले आणि मास्तरांना नेमकं 'सायफन ऑफ' शिकवायचं आलं.

"म्हणजे सगळ्यांच्या वाट्याचं गुपचूप आपल्याकडं वळवणं," मास्तर म्हणाले. पोरांची तोंडं कोरीच. मास्तरांना चेव आला. त्यांनी घरून रबरी नळी आणली, पिण्याच्या पाण्याची बादली टेबलावर ठेवली, रिकामी खाली. नळी तोंडात धरून असा झुरका मारला, की जिभेला थेंब न लागता पाणी धो धो खाली. वर्गानं टाळ्या पिटल्या, मास्तर फुगले.

"हात लई बसलाय की तुमचा!" हेडमास्तर उठत म्हणाले. "नळी राहू द्या माझ्याकडं. बाकीच्या वर्गांना दाखवू."

संध्याकाळी मास्तर घरी आले, तर परसातल्या पिंपात ठणठणाट.

"चोरी झाली! आत्ता हेडमास्तरांकडं जातो," मास्तर गरजले.

"हळू बोला की," त्यांची बायको वच्छला म्हणाली. "ते पाणी आपल्याकडं कुटनं आलं म्हणून सांगणार हाय?"

तेवढ्यात खालच्या भिंतीपलीकडून हेडमास्तरांची हाक आली,

"मास्तर, नळी घेऊन जा. आमचंबी पिंप भरलं!"